बलू (शीर्षाक्षर वळण)

बलू : देवनागरी व रोमन लिपींतील एक जाड, गोलसर अक्षरवळण. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ते २०१५-१६ च्या सुमारास सिद्ध केले. देवनागरीचे आरेखन प्रामुख्याने सारंग कुलकर्णी यांचे आहे. किप्लिंगच्या जंगल बुक (१८९४) मधील अस्वलाचे नाव त्यास दिलेले आहे. त्या कथांतील वैनगंगा गोंदिया जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते व नवेगाव-नागझिऱ्याच्या अरण्यात आजही अस्वले आढळतात. या परिसराला तरी हे नाव परके नाही.

परंपरागत देवनागरी मुद्राक्षरांत तिरक्या कापलेल्या बोरूच्या चालीमुळे रेषा कोठे जाड, कोठे बारीक होते. बलूमध्ये हा भेद जवळजवळ नाहीसा होऊन रेषेची जाडी सर्वत्र सारखी भासते. टोके व कोपरे मऊ होतात. दिसावयास हे सोपे असले, तरी देवनागरीत ते अवघड असते. वर शिरोरेषा, तीवर वेलांटी-मात्रा, खाली उकार व रकार अशा दाटीत रेषा जाड केली की अक्षरांतील पोकळ्या बुजू लागतात. घ-ध, भ-म या जोड्यांतील भेद लहानशा गाठीवर किंवा शिरोरेषेतील खंडावर अवलंबून असल्याने तो प्रथम हरवतो. ‘राष्ट्र’सारख्या शब्दातील जोडाक्षर तर काळा ठिपका बनण्याचा धोका असतो. म्हणून अशा वळणांत अक्षरे रुंद करावी लागतात व सांध्यांशी रेषा किंचित कृश करावी लागते. याच संस्थेच्या मोदक या वळणात हा लठ्ठपणा टोकास गेला असून पोकळ्यांच्या जागी केवळ बारीक रेघा उरल्या आहेत. मौजेची पण क्वचितच वापरावी अशी ही अक्षरे होत.

नामफलक, भित्तिपत्रके, बालपुस्तकांची मुखपृष्ठे व वेष्टने हे बलूचे खरे क्षेत्र. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने लहान दुकानांच्या फलकांवरही मराठी देवनागरी अक्षरे अनिवार्य झाली व ती इतर लिपींतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे ठरले. अशा द्विलिपी फलकावर रोमन अक्षरे ठसठशीत आणि देवनागरी दुबळी दिसू नये, यासाठी दोन्ही लिपी एकाच वजनात रेखलेले वळण उपयोगी पडते. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांस लागून असलेल्या गोंदियात हिंदी व मराठी दोन्ही भाषा देवनागरीतच लिहिल्या जातात. तेथे फलक रंगविणाऱ्याने ळ आहे ना, आणि शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी विहित केलेले पाकळीयुक्त ल व देठयुक्त श मिळतात ना, हे आधी पाहून घ्यावे.

हे वळण मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध असून त्याच्या कुटुंबात गुजराती, बंगाली, तमिळ, कन्नड इ. लिपींचीही वळणे आहेत. मूळ वळण एकाच वजनाचे होते. बलू २ (२०१९) मध्ये पाच वजने आली. त्यांतील सौम्य वजने लहानशा मजकुरास चालतात. पृष्ठभर मजकूर मात्र त्यांत जुळवू नये.