घटनेत ‘सहकारी’ शब्द आला त्याची हकिकत

साधारण सभेत कुणी उपसूचना मांडली की त्याच्याकडे संशयाने पाहायची आपल्याकडे खोड आहे. म्हणून देशाच्या घटना समितीतल्या दोन उपसूचनांची हकिकत आम्ही सभासद बंधूंपुढे ठेवीत आहोत.

मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडला. मसुद्यात खेड्याला जागाच नाही, असा आक्षेप होता. बाबासाहेबांनी आडपडदा ठेवला नाही. राज्ये आली नि गेली, खेडी मात्र टिकली, असे मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले होते. टिकली खरी, पण कोणत्या पातळीवर टिकली, असा बाबासाहेबांचा सवाल होता. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे नि जातीयतेचे आगर. मसुद्याने खेडे सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा आपल्याला आनंदच आहे, असे ते म्हणाले. गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे बोल झोंबतात. पण पाणवठा आठवा, वेशीबाहेरची वस्ती आठवा. मग ते खोटे होते म्हणायला जीभ रेटत नाही.

सभागृहात मात्र नाराजी पसरली. ह. वि. कामत, प्रा. एन. जी. रंगा यांनी उघड टीका केली. गांधीजींना जाऊन वर्षही झाले नव्हते. 22 नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींचे नवे कलम सुचविले. बाबासाहेब उठले आणि उपसूचना मान्य आहे, एवढेच बोलले. आपले मत बदलले असे म्हणाले नाहीत, की वाद वाढवला नाही. तेच आजचे 40 वे कलम.

दुसऱ्या दिवशी कामगारांच्या निर्वाह वेतनाचे कलम निघाले. मद्रासकडचे सहकारी पुढारी टी. ए. रामलिंगम चेट्टियार यांनी त्यात ग्रामीण भागातील कुटिरोद्योगांना सहकारी पद्धतीने उत्तेजन द्यावे, अशी भर सुचविली. सभासदांची तशी भावना आहे तर आपण राजी आहोत, असे बाबासाहेबांनी सांगितले. फक्त ‘सहकारी’च्या आधी ‘वैयक्तिक किंवा’ एवढे घाला. तसे झाले, आणि 43 व्या कलमात ते आजही आहे.

आम्ही याचा अर्थ असा लावतो की, सहकाराला सरकारने हात द्यावा, पण एकट्याने हातमाग चालविणाऱ्याला ‘सहकारात ये, नाहीतर वाट धर’ असे म्हणू नये. शेजाऱ्याने गुऱ्हाळ घातले की डोळे वटारणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे!

ही दोन्ही कलमे मार्गदर्शक तत्त्वांतली. त्यांच्यासाठी कोर्टात जाता येत नाही, त्यामुळे पंचायती बराच काळ राज्य सरकारच्या मर्जीवर राहिल्या. 73 वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली. तिने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि बायांना किमान एक तृतीयांश जागा राखून दिल्या. बाबासाहेबांच्या आक्षेपाला खरे उत्तर मिळाले ते तेव्हा.

सहकाराचे गाडे त्याहून सावकाश चालले. 97 वी दुरुस्ती 2012 मध्ये लागू झाली आणि सहकारी संस्थांसाठी 43-ख हे स्वतंत्र कलम आले. तिच्यातच संस्थांच्या कारभाराचे नियम घालणारा एक भागही होता. सहकार हा राज्यांचा विषय, तरी निम्म्या राज्यांची संमती घेतलेली नव्हती. म्हणून राज्यातल्या संस्थांपुरता तो भाग सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रद्द ठरविला. 43-ख मात्र जागेवर आहे.