धानाच्या मुलखात वजनाचा जमाखर्च

छत्तीसगढची ओळखच मुळी 'धान का कटोरा' अशी. रायपूरच्या मराठी घरांत पोळी टिकून असली, तरी भाताला रजा नसते. शिवाय सकाळी चीला किंवा फरा, तेही तांदळाचेच. त्यामुळे वजन वाढू लागले की पहिला राग भातावर निघतो. भात बंद, रात्रीचे जेवण बंद आणि महिन्यात दहा किलो उतरविण्याचा संकल्प! असा संकल्प बहुधा पंधरवड्यात मोडतो. मोडला नाही तर अधिक वाईट, कारण झपाट्याने उतरणाऱ्या वजनाबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित होय, आणि वजन घटविताना रोजचा आहार १००० उष्मांकांच्या खाली जाऊ नये. याच संस्थेने २००० उष्मांकांच्या ताटात २५० ग्रॅम धान्य (कच्चे), ८५ ग्रॅम डाळी व ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. म्हणजे भात हद्दपार करावयाचा नसून त्याला शेजार द्यावयाचा आहे. रायपूरच्या बाजारात लाल भाजी, चेच भाजी, मुनगा यांची वाण नाही. कोदो-कुटकीत तंतू अधिक असतात, हे खरे. परंतु 'आरोग्यदायी' म्हणून दुप्पट वाढून घेतल्यास हिशेब पुन्हा तेथेच येतो. बोरे बासीचेही तसेच. २०२२ साली १ मे रोजी राज्य शासनाने तिचा गौरवदिन साजरा केला, आणि तो उचितही होता. मात्र शेतात दिवसभर राबणाऱ्याची बासी आणि खुर्चीत बसणाऱ्याची बासी एकाच मापाची असू शकत नाही.

खरी गळती बहुधा अन्यत्र असते. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर आणि २४० उष्मांक. महिन्याला पावणेदोन किलोंहून अधिक साखर केवळ चहातून! चमचा अर्धा करीत गेल्यास जिभेला फारसे कळतही नाही. तेलतुपाचे प्रमाण माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरले, तर चौघांच्या कुटुंबास महिन्याला सव्वातीन किलो पुरावे. वाणसामानाची यादी करतानाच हा आकडा समोर ठेवावा.

चालण्यासाठी तेलीबांधा आहे, बूढा तालाब आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते. रायपूरच्या मे महिन्यात ती पहाटेच उरकलेली बरी. रात्रीचे जेवण तासभर अलीकडे आणणेही बहुतेकांना जमण्यासारखे आहे.

वजनकाट्याइतकीच मोजपट्टी महत्त्वाची. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास लक्ष द्यावे. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आहार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. औषधाची मात्रा तीच ठेवून जेवण घटविल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.