तेरा मुंबयांचं पाणी

मुंबईतल्या मढच्या कोळ्याची डोल जाळी भरती-ओहोटीच्या धारेत रोवलेली असतात. बोंबील आले तर घर चालतं. याच किनाऱ्यानं दक्षिणेला गेलं की रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात माडबन लागतं. तिथं जैतापूर अणुवीज प्रकल्प व्हायचा आहे: १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, जगातलं सर्वात मोठं अणुवीज केंद्र. विजेचा हा आकडा सगळे सांगतात. कोळ्याच्या कामाचा आकडा वेगळा. भट्टीतल्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोडी जास्त विजेत जाते, बाकीची समुद्रात. सहा भट्ट्यांची ही टाकाऊ उष्णता साडेसतरा हजार मेगावॉटच्या घरात भरते. ऐन मे महिन्यात सगळी मुंबई जेवढी वीज ओढते, त्याच्या चौपट. ती वाहून न्यायला रोज ५२०० कोटी लिटर समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि तापवून परत सोडायचं. मुंबई महापालिका शहराला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरवते. म्हणजे हे तेरा मुंबयांचं पाणी झालं, रोजच्या रोज. माडबनजवळच्या साखरी नाट्याचे मच्छीमार चिडले ते उगाच नव्हे. एप्रिल २०११मध्ये तिथं पोलिसांनी गोळीबार केला, एकाचा जीव गेला.

आता पैसे. याच जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला २००७ साली बांधायला घेतली. ३३० कोटी युरोत, २०१२ला पुरी व्हायची होती. तिची वीज ग्रिडमध्ये आली डिसेंबर २०२४मध्ये, खर्च १३२० कोटी युरो, तोही २०१५च्या भावानं आणि व्याज सोडून. युरोला नव्वद रुपये धरा: एका भट्टीचे जवळपास १ लाख १९ हजार कोटी, सहांचे सात लाख कोटींच्या वर. महाराष्ट्र सरकारचं २०२५-२६चं अख्खं अंदाजपत्रक सात लाख कोटींचं होतं! भारतात मजुरी स्वस्त, सहाव्या भट्टीपर्यंत हातही बसेल, म्हणून खर्च निम्म्यावर आणा. तरी साडेतीन लाख कोटी उरतात. फिनलंडची अशीच भट्टी २००९ला यायची ती २०२३ला नियमित चालू झाली. २००९मध्ये आपण ज्या अरेव्हा कंपनीशी सामंजस्य करार केला, ती याच भट्ट्यांनी इतकी खंगली की तिचा अणुभट्ट्यांचा धंदा सरकारी वीज कंपनी ईडीएफला घ्यावा लागला.

महागड्या विजेच्या कराराचं काय होतं, हे रत्नागिरी जिल्ह्याला नव्यानं शिकवायला नको. गुहागरचं एन्रॉनचं वीज केंद्र २००१ साली बंद पडलं, कारण त्याची वीज राज्य वीज मंडळाला झेपेना. एन्रॉनचा प्रकल्प जैतापूरच्या चौथाईहूनही लहान होता.

अपघाताच्या हिशेबात तर आकडे एकमेकांना ओळखतच नाहीत. २०१०च्या दायित्व कायद्यानं अणुवीज केंद्र चालवणाऱ्या कंपनीची भरपाई १५०० कोटी रुपयांवर थांबवली होती. फुकुशिमाच्या अणुअपघाताचा खर्च जपान सरकारनं २०१६मध्ये साडेएकवीस लाख कोटी येन धरला, म्हणजे रुपयांत बारा लाख कोटींच्या आसपास. आठशे पट. मधला फरक अशा कंपनीच्या ताळेबंदात मावत नाही. तो करदात्याच्या खिशातून जातो, आणि म्हणूनच तो युनिटच्या दरात कधी दिसत नाही.

अणुवीज रात्रीही मिळते आणि धूर सोडत नाही, हे खरं. पण शेतीच्या सौर वाहिन्यांसाठी महावितरणनं २०२४मध्ये नऊ हजार मेगावॉटची कंत्राटं दिली, युनिटला तीन रुपयांच्या आसपास. सौर मेगावॉट अणूच्या मेगावॉटपेक्षा वर्षाकाठी पाव भागच वीज देतो, रात्रीसाठी बॅटऱ्यांचा खर्च वेगळा, हे मान्य. मात्र सौर विजेचा दर काम सुरू होण्याआधी छापून आला होता. जैतापूरचा दर सामंजस्य करारानंतर पंधरा वर्षांनीही ठरलेला नव्हता.