पटावरून उतरलेल्या बैलाचे पुढे काय?

भिलाईच्या सेक्टरांमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मूळ गाव विचारले, तर उत्तरात भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा ही नावे हमखास येतात. दुर्गहून गाडीत बसले की राजनांदगाव, डोंगरगड, सालेकसा, आमगाव करत काही तासांत गोंदिया येते. 1956 पर्यंत तर दुर्ग आणि भंडारा हे एकाच राज्याचे जिल्हे होते आणि राजधानी होती नागपूर. त्यामुळे इथे बैलाचे कौतुक दोन्ही भाषांत होते. मराठी घरात पोळा, शेजारच्या छत्तीसगडी घरात पोरा. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल ओढतात, त्यांच्याकडे मातीच्या नंदिया बैलाची पूजा होते. आणि थंडीत रजा काढून गावी जाणाऱ्यांच्या तोंडी आणखी एक शब्द हटकून असतो. तो म्हणजे शंकरपट.

शहरात वाढलेल्या मुलांसाठी थोडे सांगायला हवे. शंकरपट म्हणजे विदर्भातली बैलजोड्यांची शर्यत. गावाबाहेर मोकळ्या जागेत सरळ धावपट्टी आखतात. हलक्या छकड्याला जोडी जुंपतात आणि वर एकच माणूस असतो, धुरकरी. जोड्या सुटतात, धूळ उडते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल लागलेला असतो. हल्ली वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट मोठा नावाजलेला. तिथे बायकाही जोडी हाकतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत तर दिवसा पट आणि रात्री नाटक असा बेत ठरलेला. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांच्या तारखा पटाच्या गावांशी बांधलेल्या असत. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. पट म्हणजे नुसती शर्यत नसते, हे त्या भागातल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेडकडचा बैलगाडा याहून वेगळा. तिथे चढाच्या घाटात बैल सुटतात आणि पुढे घोडी धावते. पण कोर्टात गेले तेव्हा शंकरपट आणि बैलगाडा एकाच पिंजऱ्यात उभे राहिले.

बंदी आली, बंदी उठली

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला केंद्रीय कायदा 1960 चा. त्यात एक कलम असे आहे की, सरकारने ज्या प्राण्यांची यादी जाहीर केली असेल, त्यांना खेळासाठी शिकवता किंवा लोकांसमोर सादर करता येत नाही. 1991 मध्ये अशा यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि कुत्रा होते. पुढे कुत्र्याचे नाव वगळले आणि सिंहाचे आले. जुलै 2011 मध्ये त्यात बैलाचे नाव पडले आणि खरा वाद सुरू झाला.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. न्यायालयाने सांगितले ते असे: बैलाचे शरीर ओझे ओढण्यासाठी आहे, घोड्यासारखे पळण्यासाठी नाही. तो पळतो तो भीतीने किंवा वेदनेने. शेपटी पिरगाळणे, ती चावणे, तुतारी म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी टोचणे, चाबूक ओढणे, विजेचा झटका देणे हे प्रकार प्राणी कल्याण मंडळाने आणि प्राणिमित्र संस्थांनी समोर ठेवले होते. पटाला गेलेल्या माणसाने छातीवर हात ठेवून सांगावे, यातले काहीच कधी पाहिले नाही? सगळे धुरकरी असे करत नाहीत हे खरे. पण करणारे होते, आणि जोडी जिंकली की त्यांना कुणी विचारत नव्हते हेही खरे.

जानेवारी 2016 मध्ये केंद्राने शर्यतींना पुन्हा परवानगी देणारी अधिसूचना काढली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. 2017 च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी जनसागर लोटला आणि तमिळनाडूने स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र परवानग्या रोखून धरल्या. शेवटी 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला शर्यतींची मुभा दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. नव्या नियमांमुळे प्राण्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो, असे घटनापीठाचे म्हणणे पडले.

हे नियम कागदावर चांगलेच कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला हवा. धावपट्टी हजार मीटरपेक्षा लांब नको. काठी, चाबूक, तुतारी, विजेचे यंत्र काहीही जवळ बाळगायचे नाही. नियम मोडला तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मूळ 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, ठाऊक आहे? दहा ते पन्नास रुपये. तो आकडा आजही तसाच आहे.

मालकाची बाजू

बैलमालकांना निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पटाचा बैल घरात लाडका असतो. घरच्या पोराआधी त्याची वैरण होते. सरकी ढेप, दूध, कुणाकडे बदाम, कुणाकडे अंडीसुद्धा. त्याला अंघोळ घालणे, मालिश करणे, संध्याकाळी फिरवून आणणे, सगळे वेळच्या वेळी. नांगराच्या बैलाला इतके कोण करते? शेतकऱ्याचे म्हणणे असे की, ट्रॅक्टर आल्यावर बैल ठेवायला दुसरे कारणच उरले नाही. पट बंद झाला तर उमदा खोंड राखणार कोण आणि चांगल्या वळूची किंमत ठरणार कशी?

या म्हणण्याला पशुगणना दुजोरा देते. 2012 मध्ये देशात गायवर्गातील नर जनावरे सुमारे 6 कोटी 79 लाख होती. 2019 च्या गणनेत ती 4 कोटी 74 लाखांवर आली. सात वर्षांत जवळजवळ तीसपैकी नऊ गेली म्हणा! त्याच काळात गायी मात्र वाढल्या. दूध हवे आहे, बैल नको आहे, असा याचा सरळ अर्थ. पूर्व विदर्भातली कठाणी, वर्ध्याकडची गवळाऊ, छत्तीसगडची कोसली या जाती भाताच्या चिखलात आणि काळ्या मातीत पिढ्यान् पिढ्या राबल्या. आता त्यांच्या खोंडांना काम नाही.

पण इथेच एक गोष्ट नजरेतून सुटते. पट जो बैल राखतो, तो पळणारा बैल असतो. पहिल्या पाचांत येणाऱ्या जोडीला लाखांची किंमत येते. न पळणाऱ्याचे काय? आणि काल पळत होता, आज पाय आखडला, त्याचे काय?

कुत्र्यांच्या शर्यतींचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसऱ्या देशांतली एक शर्यत पाहण्यासारखी आहे. ग्रेहाउंड नावाचे सडपातळ, लांब पायांचे कुत्रे ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वेगाने पळतात. 1919 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे यंत्राने सरकणारा खोटा ससा पुढे सोडून त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. 1926 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला त्या पोचल्या. तिकीट स्वस्त, निकाल अर्ध्या मिनिटात आणि वर सट्टा. कामगार वस्त्यांत हा खेळ तुफान चालला. आपल्याकडे पंजाबातही ग्रेहाउंड पळवतात.

लोक या खेळाविरुद्ध उठले ते ट्रॅकवर होणाऱ्या दुखापतींमुळे, पण तेवढ्यामुळेच नव्हे. ऑस्ट्रेलियात 2015 मध्ये दूरदर्शनच्या एका कार्यक्रमाने उघड केले की, सरावासाठी जिवंत ससे आणि डुकराची पिल्ले कुत्र्यांपुढे बांधली जात होती. न्यू साउथ वेल्स राज्याने चौकशी नेमली. निवृत्त न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांच्या अहवालाने त्याहून मोठी गोष्ट बाहेर आणली: त्या आधीच्या बारा वर्षांत सुमारे 49 हजार ते 68 हजार कुत्री केवळ पुरेशी वेगवान नव्हती म्हणून मारली गेली होती. कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो आणि शर्यतीत चार-पाच वर्षांचा होईपर्यंतच चालतो. उरलेल्या आयुष्याचा खर्च कुणाच्याच हिशेबात धरलेला नव्हता.

त्या राज्याने 2016 च्या जुलैमध्ये बंदी जाहीर केली आणि खेड्यांतल्या कुत्रामालकांचा रोष पाहून ऑक्टोबरात मागे घेतली. हे वाचताना आपल्याकडची 2016-17 ची वर्तमानपत्रे आठवतात की नाही? 2018 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने हा खेळ संपवला. त्याच वर्षी मकाऊचा ट्रॅक बंद झाला, तेव्हा मागे पाचशेहून जास्त कुत्री उरली होती. एका प्राणिमित्र संस्थेने ती ताब्यात घेऊन देशोदेशी घरे शोधली. न्यूझीलंडने डिसेंबर 2024 मध्ये शर्यती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यासाठी मुद्दाम वीस महिन्यांची मुदत ठेवली. एवढ्या कुत्र्यांना घरे मिळायला वेळ लागणार, हे त्यांनी आधीच ओळखले होते.

निवृत्तीनंतर

भिलाईत निवृत्ती म्हणजे काय ते कुणाला समजावून द्यावे लागत नाही. कारखान्यातला माणूस साठीला बाहेर पडतो तेव्हा फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी यांचा विचार आधी झालेला असतो. पटाच्या बैलाच्या बाबतीत महाराष्ट्राच्या नियमांचा सगळा रोख शर्यतीच्या दिवसावर आहे. सकाळी डॉक्टरने तपासले, दुपारी जोडी पळाली, संध्याकाळी कागद जमा झाले. त्यानंतर तो बैल आणि मालक.

ग्रेहाउंडला निदान कुणीतरी दिवाणखान्यात झोपायला जागा देतो. चारशे-पाचशे किलोचा बैल क्वार्टरच्या अंगणात कोण बांधणार? त्याला रोज पेंढ्या लागतात, पाणी लागते, उन्हाळ्यात सावली लागते. पूर्वी शर्यतीतून उतरलेला बैल औताला, गाडीला लागायचा. ते काम ट्रॅक्टरने घेतले. विकावा, तर घेणारा मिळत नाही. महाराष्ट्रात 2015 पासून बैल कापण्यावर बंदी आहे. छत्तीसगडात 2004 चा कायदा आहे. त्या कायद्यांच्या बऱ्यावाईटाची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. पण म्हातारा बैल मरेपर्यंत सांभाळायचा असेल, तर खर्च कुणीतरी करायला हवा, इतके तर दोन्ही बाजूंनी मान्य करावे. मोकळी सोडलेली जनावरे पावसाळ्यात रात्री कोरड्या डांबरी रस्त्यावर येऊन बसतात, ट्रकवाल्याला दिसत नाहीत, आणि पुढे काय होते ते भिलाई-दुर्ग-रायपूर रस्त्याने जाणारा प्रत्येकजण जाणतो. बिलासपूरच्या उच्च न्यायालयानेही या प्रकाराबद्दल सरकारला वारंवार जाब विचारला आहे.

उपाय अगदीच अवघड आहे असे मला वाटत नाही. गाई-बैलांच्या कानात आता बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो. ग्रेहाउंडच्या कानात क्रमांक गोंदवतात तसेच हे. शर्यतीच्या अर्जावर तो क्रमांक असेल, तर दोन वर्षांनी, पाच वर्षांनी तो बैल कुठे आहे हे मालकाला विचारता येईल. हल्ली पटाला मोटारसायकल, ट्रॅक्टर, क्वचित चारचाकी गाडी बक्षीस लागते. त्या बक्षिसाचा आणि प्रवेश फीचा थोडा भाग थकलेल्या जोड्यांच्या चाऱ्यासाठी बाजूला काढायला काय हरकत आहे? पटाची मंडळे नाटकाच्या मांडवाची आणि वीजबिलाची तरतूद आठ दिवस आधी करतात. यालाही तेवढीच खटपट लागेल. मालक जर म्हणत असतील की आमचे बैलावर प्रेम आहे, आणि त्यांचे आहेच, तर ते दाखवायला याहून चांगली जागा नाही. शर्यतीला विरोध करणाऱ्यांनीही फक्त बंदीची मागणी करून थांबू नये. बंदीच्या काळात विकल्या गेलेल्या जोड्या कुठे गेल्या, याची चौकशी त्यांच्याकडूनही फारशी झालेली दिसली नाही.

छत्तीसगडमधल्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. रायपूरच्या रावणभाठा मैदानावर पोऱ्याच्या दिवशी सजवलेल्या बैलांची दौड होते आणि ती पाहायला मुलाबाळांसह लोक जातात. 2023 च्या निकालात ज्या तीन राज्यांच्या कायद्यांवर शिक्कामोर्तब झाले, त्यांत छत्तीसगड नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या पटाला लागू असलेला डॉक्टरचा दाखला, हजार मीटरची मर्यादा, पाच लाखांचा दंड यांतले काहीही त्या निकालाने इकडे येत नाही. इकडे आहे तो 1960 चा कायदा, आणि त्यातले दहा ते पन्नास रुपये.