फेकण्याचा जोर येतो कुठून?

चेंडू हाताने फेकतात, हा समज आधी बाजूला ठेवू. बेसबॉलचा पिचर 60 फूट 6 इंचांवरून चेंडू मारतो, तेव्हा जोर निघतो तो पायांतून. मग कंबर, मग धड, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी कोपर-मनगट. पाय आणि कंबर कच्ची असली की उरलेलं सगळं काम खांद्यावर पडतं, आणि तो दुखायला लागतो.

गोडादऱ्यात बेसबॉल खेळतंय कोण, असं विचाराल. पण इथली कितीतरी घरं खानदेशातली. तिकडे जळगावला सॉफ्टबॉल चांगलाच रुजलाय. शिवाय टेनिस बॉल क्रिकेट तर आहेच. बाउंड्रीवरून थ्रो मारणाऱ्या पोराच्या खांद्यावर येणारा ताण पिचरपेक्षा फार निराळा नाही.

2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. फेकायची ताकद होतीच, बेसबॉल तिथे जाऊन शिकले. पण पुढे दुखापतींनी रिंकूचे सलग काही हंगाम खाल्ले, आणि तो शेवटी व्यावसायिक कुस्तीत गेला.

पिचरचं खरं दुखणं म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध. तो ताणून ताणून तुटतो. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून तिथे बसवला. 1976 मध्ये तो परतला आणि त्यानंतर 164 सामने जिंकला! त्या ऑपरेशनला आजही त्याचंच नाव आहे. मात्र परतायला वर्षभराहून जास्त लागतं, हे लोक विसरतात.

आता जिमची गोष्ट. आपली पोरं बेंच प्रेस आणि बायसेप्सवर तुटून पडतात, कारण आरशात तेच दिसतं. पण चेंडू सुटल्यावर वेगात पुढे गेलेला हात थांबवायचं काम खांद्याच्या मागचे छोटे स्नायू करतात. गाडीला इंजिन मोठं आणि ब्रेक सायकलचे, अशी गत होते. म्हणून जितके जोर, तितकंच ओढण्याचं काम हवं: पुल-अप, किंवा खिडकीच्या गजाला रबर बँड बांधून कोपर मागे खेचणं. पायांसाठी आपल्या बैठका उत्तम, एका पायावरच्या आणखी बऱ्या. वजन हळूहळू वाढवा. आणि फेकण्याआधी घाम येईपर्यंत धावा, थंड खांद्याने पहिलाच थ्रो जोरात नको.

व्यायामाइतकीच मोजणीही महत्त्वाची. अमेरिकेत 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू, आणि 66 च्या वर गेला तर चार दिवस विश्रांती, अशी मर्यादा सुचवलेली आहे. आपल्याकडे एका रविवारी तीन मॅचेस होतात, मोजतं कोण? स्नायू दोन दिवस आंबले तर चालतं. पण कोपराच्या आतून कळ येत असेल, तर मलम चोळून पुढची मॅच खेळू नका, हाडांच्या डॉक्टरला दाखवा.