अंक उजळतो कसा?

रेशन दुकानातील वजनकाटा, पेट्रोल पंपावरील मीटर, बँकेतील टोकनचा फलक यांवर उजळणारे अंक आपण रोज पाहतो. ज्या समाजाला सावकाराच्या वहीतील आकडा वाचण्याचीही संधी नाकारली गेली, त्या समाजाच्या मुलांनी यंत्रावरील आकडा केवळ वाचून थांबू नये. तो तेथे कसा येतो हेही जाणावे. यासाठी चार अंकी डिजिटल मोजणीयंत्राची रचना येथे मांडली आहे.

या यंत्राचे मुख्य भाग तीन: बटण, मायक्रोकंट्रोलर आणि अंकदर्शक. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर सामावलेला छोटा संगणक. नवशिक्यांत प्रचलित असलेल्या आर्डुइनो उनो बोर्डवर अशी चिप असते. अंकदर्शकाच्या प्रत्येक घरात सात प्रकाशपट्ट्या असतात. ८ या अंकासाठी सातही पेटतात. १ साठी उजवीकडील दोन पुरतात. कोणत्या अंकाला कोणत्या पट्ट्या, याची सारणी प्रोग्रॅममध्ये लिहावी लागते.

जुन्नरजवळील नाणेघाटाच्या सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. शून्यासह स्थानमूल्याची पद्धत भारतात पुढे विकसित झाली आणि हे यंत्र तिच्यावरच चालते. ३६५ ला १० ने भागले की बाकी ५ उरते, ती एककाच्या घरात जाते; भागाकार ३६ ला पुन्हा भागले की दशकाचा ६ मिळतो आणि शतकाचा ३ उरतो.

चार घरांच्या अठ्ठावीस पट्ट्यांना स्वतंत्र तारा जोडल्यास बोर्डवरील पिना अपुऱ्या पडतात. म्हणून सात तारा चारही घरांना सामाईक ठेवतात आणि घर निवडण्यासाठी आणखी चार वापरतात. एका वेळी एकच घर सुमारे अडीच मिलिसेकंद उजळते. दृष्टिसातत्यामुळे चारही घरे अखंड पेटलेली भासतात. ऐकीव गोष्ट अनुभवाने पारखावी, असे तथागतांनी कालामांना सांगितले. येथे ती पारख सोपी आहे: प्रत्येक घराचा अवधी अर्धा सेकंद करावा, म्हणजे अंक एकामागून एक उजळताना दिसतील.

दोन दक्षता आवश्यक आहेत. प्रत्येक पट्टीच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर जोडावा. लाल पट्टीतून सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. ८ उजळताना तो साठाच्या वर जातो. एका पिनेला एवढा भार सोसत नाही, म्हणून प्रत्येक घरासाठी ट्रान्झिस्टर हवा. तसेच बटण दाबताच त्यातील धातूचे पाते क्षणभर थरथरते आणि एका दाबाच्या अनेक नोंदी होतात. सुमारे २० मिलिसेकंदांनी बटणाची स्थिती पुन्हा तपासूनच नोंद घ्यावी.

जातिव्यवस्था श्रमिकांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. एकाने राबावे आणि दुसऱ्याने विचार करावा, ही फारकत तिचीच देणगी. आपल्या वसतिगृहातील मुलगी स्वतः तारा जोडते, स्वतः प्रोग्रॅम लिहिते आणि चुकलेला आकडा स्वतः दुरुस्त करते, तेव्हा ती फारकत तिच्या हातून मोडत असते. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट देताना असा एखादा संच सोबत आणावा आणि मुलांसोबत बसून तो जोडावा.