स्लॅबमधली सळई गंजते कशी?

बदलापूरच्या एका साइटवर काँक्रीटच्या मिक्सरमध्ये अंदाजाने पाण्याचा पाइप सोडलेला पाहिला, म्हणून लिहितोय.

चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांवर भाजून क्लिंकर होतो. त्यात थोडं जिप्सम घालून दळलं की सिमेंट. जिप्सम नसेल तर माल घमेल्यातच आवळतो.

सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी अभिक्रिया होऊन घट्ट होतं. तेव्हा सुटणारा चुना काँक्रीटचा सामू १२ च्या वर ठेवतो, म्हणून सळई गंजत नाही.

पण ५० किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी पुरतं. जास्तीचं उडून जातं, मागे बारीक छिद्रं राहतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड शिरतो, सामू उतरतो, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. छताला सळईच्या रेषेत तडा किंवा तांबूस डाग दिसला तर नुसता रंग मारू नका, स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या.